दीड फुटाचे ‘एंटरप्राइज’

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली सुरू झाली. त्याच वर्षी एएमटी कंपनीने तिच्यातील ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानाचा प्लॅस्टिकचा जोडसंच बाजारात आणला. चित्रीकरणाची प्रतिकृती ११ फुटांची, तर संचातील यान जेमतेम दीड फुटाचे. तरीही या खेळण्याने पडद्यावर भूमिका केली. १९६७ मधील ‘द डूम्सडे मशीन’ या भागातले उद्ध्वस्त ‘कॉन्स्टेलेशन’ यान म्हणजे हाच मोडतोड केलेला संच! संचातील १७०१ हेच आकडे फिरवून त्यावर १०१७ हा क्रमांक चिकटविण्यात आला.

जोडणीत खरी परीक्षा इंजिनांच्या दोन लांब नळ्यांची. त्या बारीक आधारांवर तोललेल्या असल्याने कालांतराने झुकतात. ही या संचाची जुनीच खोड. यासाठी वापरायचे द्रावण प्लॅस्टिक किंचित विरघळवून सांधते. त्यामुळे ते पुरते वाळण्याआधी हात काढून घेणाऱ्याचे यान हमखास फेंगडे होते. जाणकार सांध्यात बारीक भोके पाडून पितळी तार बसवतात. सांध्यांच्या रेघा लांबीने बुजवून, पॉलिश पेपरने घासल्यावरच रंगाला हात घालावा.

मूळ प्रतिकृती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे. तिची डावी बाजू अपुरीच आहे, कारण दिव्यांच्या तारा तिकडून आत जात व कॅमेरा तिकडे वळत नसे.