देवमाशाची बोटे

वडोदऱ्याच्या सयाजीबागेत श्रीमंत सयाजीराव महाराजांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. १८९४ सालापासून लोकांस खुल्या असलेल्या त्या वास्तूत एका निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. हा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी येऊन पडला. सांगाड्याची लांबी सुमारे ७० फूट आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील मुलांना घेऊन मी तेथे गेलो असता एक मुलगी त्याच्या पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवापाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माशाला बोटे कशाला हवीत?"

तिचे निरीक्षण अचूक होते. त्या वल्ह्याच्या आत दंडाचे एक हाड आहे, कोपरापुढील दोन हाडे आहेत, मनगट आहे आणि बोटांच्या पेरांची रांगही आहे. मी म्हणालो, "बाळ, हा मासाच नव्हे." त्यावर ती म्हणाली, "मग नावात मासा का?" नावाची चूक आपल्या भाषेची, एवढे सांगून मी वेळ मारून नेली. परंतु बोटांचा प्रश्न शिल्लकच राहिला. त्याच प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

देवमासा हा मासा नव्हे, हे प्रथम नीट लिहून ठेवले ते ॲरिस्टॉटलने. ख्रिस्तपूर्व ३८४ मध्ये जन्मलेला हा तत्त्ववेत्ता लेस्बॉस बेटावर राहिला असता तेथील खाडीतील जीवांचे निरीक्षण करीत असे आणि कोळ्यांकडून माहिती मिळवीत असे. डॉल्फिन व देवमासे यांना कल्ले नसतात, ते फुप्फुसांनी श्वास घेतात, पिलांना जन्म देतात व दूध पाजतात, असे त्याने नोंदविले आणि त्यांना माशांहून वेगळ्या वर्गात बसविले.

आता एक कबुली देतो. उत्क्रांतीचा पाठ शिकविताना मी कित्येक वर्षे मुलांना सांगत आलो, की ही कल्पना मुळात ग्रीकांची. डार्विनने तिला पुरावे जोडले, एवढेच. अनेक पुस्तकांत असे लिहिलेले आढळते. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी ग्रीकांची मते पुन्हा लक्षपूर्वक वाचली, आणि आपण मुलांना अर्धवट सांगत होतो असे माझ्या ध्यानी आले.

ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात मिलेटस नगरीत ॲनॅक्सिमँडर होऊन गेला. पहिले प्राणी ओलाव्यात, काटेरी कवचाच्या आत जन्मले, असे त्याचे मत होते. मानवाचे मूल दीर्घकाळ परावलंबी असते. तेव्हा पहिली माणसे उघड्यावर जगलीच नसती, म्हणून ती माशासारख्या जीवांच्या पोटात वाढली असली पाहिजेत, असा तर्क त्याने केला. तर्क मोठा धीट आहे. परंतु त्यात माशाचा वंश पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाऊन माणूस झाला, असे कोठेही नाही. मासा येथे पूर्वज नव्हे. तो केवळ पाळणा आहे.

त्यानंतर शतकभराने सिसिलीतील एम्पेडोक्लीस म्हणाला, की आरंभी सुटे हात, सुटी मस्तके, सुटे डोळे निर्माण झाले व वाटेल तसे जोडले गेले. कोठे बैलाच्या धडाला मानवी मुख आले, तर कोठे माणसाला बैलाचे. जे जोड जमले ते टिकले, बाकीचे नष्ट झाले. हे ऐकताच आपणांस नैसर्गिक निवडीची आठवण होते. परंतु ही निवड एकदाच झाली आणि संपली. टिकलेल्या जीवांत पुढे बदल होत राहिला, असे हे मत सांगत नाही.

एम्पेडोक्लीसला खरा विरोध केला तो ॲरिस्टॉटलने. त्याचा आक्षेप साधा व बळकट होता. पुढचे दात चावा घेण्यास धारदार आणि दाढा दळण्यास रुंद, हे योगायोगाने घडले म्हणावे, तर योगायोग कधी काळी एखाद्या वेळी घडतो; दात मात्र प्रत्येक मुलाला त्याच क्रमाने व त्याच आकाराचे येतात. जे नित्य घडते ते केवळ योगायोगाने घडत नाही. म्हणून निसर्गात हेतू आहे आणि प्राण्यांच्या जाती कायम आहेत, असे त्याने ठरविले. पुढे संत थॉमस अक्विनास यांच्यामार्फत ॲरिस्टॉटलची विचारपद्धती युरोपातील विद्यापीठांत रुजली व शतकानुशतके टिकली.

येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. १८६६ च्या चौथ्या आवृत्तीत त्याने एक तळटीप घातली आणि दातांविषयीचा तोच उतारा देऊन, नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाची छाया ॲरिस्टॉटलच्या लेखनात दिसते, असे सुचविले. वास्तविक तो उतारा म्हणजे ॲरिस्टॉटलने खोडून काढण्यासाठी मांडलेले प्रतिपक्षाचे मत होते! कोणी तरी पाठविलेल्या तुकड्यावर विसंबल्याने एवढा सावध शास्त्रज्ञही फसला. पुढे १८८२ साली, मृत्यूच्या दोनच महिने आधी, ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे भाषांतर हाती आले, तेव्हा डार्विनने भाषांतरकाराला मोकळ्या मनाने कळविले, की ज्या लिनियस व क्युव्हिए यांना आपण दैवत मानले, ते या वृद्ध ग्रीकापुढे शाळकरी पोरे ठरतात.

मग डार्विनने नवे काय दिले? ॲरिस्टॉटलच्या आक्षेपाला उत्तर दिले. भावंडांत लहानसहान फरक असतात. त्यांतील काही फरक संततीकडे जातात. उपयोगी फरक असलेल्यांची संतती अधिक उरते. आणि लक्षावधी वर्षांत हे फरक साठत जातात. फरक योगायोगाने उपजतो, पण तो टिकतो व साठतो हे योगायोगाने होत नाही. म्हणूनच दात नित्य त्याच क्रमाने येतात. ग्रीकांपाशी बुद्धी कमी नव्हती. अनुवंशाने होणारा हा संचय आणि त्यासाठी लागणारा अफाट काळ यांची सांगड मात्र त्यांनी घातली नव्हती.

आणि पुरावा? तो आपल्या दाराशी आहे. कच्छच्या खडकांतील प्राचीन देवमाशांच्या अवशेषांचे वर्णन अशोक सहानी व व्ही. पी. मिश्र यांनी १९७५ साली प्रसिद्ध केले. २००० साली सुनील बाजपेयी व थेविसन यांनी तेथील एका छोट्या देवमाशाला 'कच्छिसीटस' असे नाव दिले. चार कोटी वर्षांहून जुन्या या प्राण्याला आखूड पाय व लांब शेपटी होती. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे रंगा राव यांनी जमविलेल्या अवशेषांत 'इंडोह्यूस' हा चार पायांचा लहान प्राणी निघाला. त्याच्या कानाचे जाड हाड देवमाशाच्या कानाशी जुळते, हे २००७ साली दाखविण्यात आले. तेव्हा सयाजीबागेतील ती बोटे म्हणजे जमिनीवर चालणाऱ्या पूर्वजांचा वारसा होय.

कोणी म्हणतात, आपल्या दशावतारांत हे सारे आलेच आहे. कोणाला भीती वाटते, की हे शिकल्याने देवावरील श्रद्धा जाईल. मी स्वतः कॅथलिक घरात वाढलो. ही भीती मला परकी नाही. परंतु मानवदेहाच्या उगमाचा असा अभ्यास करण्यास पोप बारावे पायस यांनी १९५० च्या पत्रात वाव दिला, आणि १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी हा सिद्धांत केवळ अनुमानापुरता राहिलेला नाही, असे मान्य केले. धर्मकथेने जीवनाचा अर्थ सांगावा; हाडांचा इतिहास हाडांनाच विचारावा. पूर्वजांच्या मुखी आजचे शास्त्र घातल्याने पूर्वज मोठे होत नाहीत, आणि शास्त्र मात्र समजावयाचे राहून जाते.

हे सांगण्याचे कारण आहे. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. बारावीच्या जीवशास्त्रात तो ठेवला गेला. दहावीनंतर ज्या मुलामुलींची जीवशास्त्राशी फारकत होते, त्यांनी तो कोठे शिकावा? पुस्तकातून पान गेले, तरी मुलांच्या मनातील प्रश्न जात नाही. तेव्हा श्रोतेहो, सुटीच्या दिवशी आपल्या मुलांना घेऊन एखादे वस्तुसंग्रहालय पाहा, आणि एखाद्या सांगाड्यापुढे मूल थबकले, तर त्याला घाईने पुढे ओढू नका. ते काय विचारते, ते आधी ऐका.