जावास्क्रिप्टची यंत्रांशी सोयरीक

ब्रेंडन आइक यांनी 1995 च्या मे महिन्यात, नेटस्केप कंपनीच्या चाकरीत असताना, अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला नमुना सिद्ध केला, त्या जावास्क्रिप्टला ब्राउझरच्या इलाख्याबाहेर पाऊल टाकण्यास सक्त मनाई होती. कोणा अनोळखी संकेतस्थळावरून आलेल्या आज्ञावलीने वाचकाच्या संगणकातील दप्तर चाळावे किंवा त्याला जोडलेली यंत्रे हाताळावीत, हे कोणाही सुज्ञास मानवणारे नव्हते. म्हणून अर्जातील चूक दाखवणे, चित्र बदलणे, असल्या किरकोळ कामांचीच मुखत्यारी तिच्याकडे आली.

ती मनाई कोणी मोडली नाही. रायन डाल यांनी 2009 साली या भाषेलाच ब्राउझरमधून उचलून थेट संगणकावर आणून बसवले आणि त्या योजनेस नोड असे नाव दिले. तिला एक सवय माहेरूनच होती : वाचक कळ केव्हा दाबील याचा नेम नसल्यामुळे, एका घटनेसाठी खोळंबून न राहता, ती घडली की तिची दखल घ्यायची. यंत्रेही अशीच बेभरवशाची असतात, तापमापक आपला आकडा आपल्या सवडीने धाडतो. तेव्हा जी खोड पंडितांना पोरकट वाटे तीच येथे गुण ठरली. पुढल्याच वर्षी ख्रिस विल्यम्स यांनी नोडला सीरियल पोर्ट उघडून दिला. हा मार्ग मुळात टेलिप्रिंटर आणि मोडेम यांच्यासाठी आखलेला, आणि त्याचे आरएस-232 हे प्रमाण 1960 चे.

मार्ग मिळाला, तरी पलीकडच्याशी बोलायचे कोणत्या बोलीत? पलीकडे बहुधा असे ते आर्डुइनो, म्हणजे इटलीतील इव्हरेआ गावच्या एका अभिकल्प-संस्थेत 2005 मध्ये जन्मलेले आणि तेथल्याच एका मद्यगृहाचे नाव धारण करणारे स्वस्त सर्किट. त्याच्यासाठी हान्स-क्रिस्टोफ श्टाइनर यांनी फर्मेटा नावाचा संकेत रचला, आणि त्याची घडण चक्क वादकांच्या दप्तरातून उसनी घेतली. इलेक्ट्रॉनिक वाद्ये परस्परांशी जोडण्यासाठी 1983 पासून रूढ झालेल्या मिडी संकेतात 128 अथवा त्याहून मोठा आकडा आला की तो हुकूम, आणि लहान आला की तो त्या हुकमाचा तपशील, अशी वहिवाट आहे; फर्मेटाने तीच उचलली. आर्डुइनो ऊनो या नमुन्यावरील तेरा क्रमांकाच्या पिनचा दिवा लावायचा असेल, तर ती पिन आधी कामाला लावून 145, 32, 0 हे तीन आकडे धाडायचे. पैकी पहिल्याने आठव्या पिनपासूनचा गट निवडला जातो. आणि आठपासून तेरापर्यंतचे अंतर पाच, दोनाचा पाचवा घात बत्तीस, म्हणून दुसरा आकडा 32. हेच तीन आकडे एखाद्या सिंथेसायझरकडे गेले, तर तो आपल्या दुसऱ्या वाहिनीवरचा बत्तीस क्रमांकाचा स्वर बंद करील! एकच फर्मान एका घरी दिवा लावते आणि दुसऱ्या घरी सूर थांबवते, हा योग मला या साऱ्या वंशावळीत सर्वांत रम्य वाटतो.

2012 मध्ये रिक वॉल्ड्रन यांनी या संकेतावर ‘जॉनी-फाइव्ह’ हे जावास्क्रिप्टचे साधन रचले आणि त्याला 1986 च्या ‘शॉर्ट सर्किट’ या चित्रपटातील यंत्रमानवाचे नाव दिले. तेव्हापासून वरील आकडेमोड पडद्याआड गेली. दिवा मिचकावण्यास दोन-चार ओळी पुरू लागल्या.

यथावकाश मूळ मनाईही सैल झाली. क्रोम ब्राउझरने 2017 मध्ये यूएसबीची आणि 2021 मध्ये सीरियल पोर्टची दारे संकेतस्थळांना उघडली. मात्र वापरणाऱ्याने आधी चौकटीतील यादीतून उपकरण स्वतः निवडून परवानगी दिली पाहिजे, अशा अटीवर. माझ्या मते ही अट हा या व्यवस्थेचा प्राण आहे. ॲपलला मात्र तेवढ्याने समाधान वाटले नाही. उपकरणांवरून माणसाची ओळख पटवून त्याचा माग काढता येईल, या कारणाने 2020 मध्ये त्या कंपनीने आपल्या सफारी ब्राउझरपुरत्या अशा 16 सुविधा नाकारल्या. त्या यादीत यूएसबी होती, सीरियल पोर्ट होता, आणि ज्याच्याकडून फर्मेटाने आपली बोली उसनी घेतली तो मिडीही होता.