ढाल कोणाची? जॉन वॉकर : चित्रकथेतून पडद्यावर



फितूर खलनायक रंगवणं लेखकाला सोपं जातं. तो शत्रूला नकाशे विकतो, शेवटी पकडला जातो आणि आपण निर्धास्त होऊन घरी जातो. देशभक्त खलनायकाचं काम कठीण. झेंडा त्याच्याही हातात असतो, घोषणाही त्याच असतात. मग तो खल ठरतो कशामुळे? हा प्रश्न आज आपण एका अमेरिकन पात्राच्या आधारे पाहू. पात्राचं नाव जॉन वॉकर. १९८६ साली तो मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये आला आणि २०२१ साली 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या सहा भागांच्या मालिकेतून पडद्यावर. आपल्याकडे ती डिस्ने प्लस हॉटस्टारवर दिसली, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॅप्टन अमेरिका हे पात्र जो सायमन आणि जॅक कर्बी यांचं. पहिल्या अंकावर मार्च १९४१ असं छापलं आहे आणि मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरला ठोसा लगावतो आहे. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीच नव्हती. पर्ल हार्बरवरचा हल्ला डिसेंबर १९४१चा. म्हणजे हा नायक जन्मला तोच सरकारी धोरणाच्या एक पाऊल पुढे. नंतर १९५३-५४च्या अंकांत त्याच कॅप्टनला कम्युनिस्टांना झोडपायला लावलं गेलं. या अडचणीच्या इतिहासाचं करायचं काय? १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या लेखकानं उत्तर शोधलं: तो खरा कॅप्टन नव्हताच, वेश चढवलेला आणि डोकं फिरलेला तोतया होता. एकच वेश दोन माणसांच्या अंगावर असू शकतो आणि एक मात्र त्याला लायक नसतो, ही कल्पना तिथे रुजली.

लेखक मार्क ग्रुएनवाल्ड आणि चित्रकार पॉल नियरी यांनी नोव्हेंबर १९८६च्या ३२३व्या अंकात तीच कल्पना पुढे नेली. काळ रेगन यांचा. 'रॅम्बो'चा दुसरा चित्रपट आदल्या वर्षीचा, आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची शताब्दी त्याच जुलैमध्ये थाटामाटात झालेली. अशा वातावरणात 'सुपर-पेट्रिऑट' नावाचा खलनायक अवतरला. त्याचा धंदा काय? सभा घ्यायच्या, भाषणं ठोकायची, आणि भर सभेत आपल्याच साथीदारांना कॅप्टनचे चाहते म्हणून हल्ला करायला लावून त्यांना लोकांसमोर लोळवायचं. त्याला व्यवस्थापक होता, भांडवलदार होता. देशभक्तीचं दुकानच म्हणा ना!

गंमत पुढे आहे. १९८७ मध्ये सरकारी आयोग खऱ्या कॅप्टनला, स्टीव्ह रॉजर्सला, सांगतो की नाव, वेश आणि ढाल ही सरकारची मालमत्ता आहे. वापरायची असेल तर आमच्या हुकुमात राहा. रॉजर्स विचार करतो आणि सगळं टेबलावर ठेवून निघून जातो. आयोग ती ढाल वॉकरला देतो. खलनायकाला नायकाचं पद मिळतं, तेही रीतसर, नेमणुकीनं.

इथे आम्हाला तत्त्वज्ञानातला एक धागा जोडावासा वाटतो. १९८४ साली अॅलस्डेअर मॅकिंटायर यांनी कॅन्सस विद्यापीठात 'देशभक्ती हा सद्गुण आहे का?' या विषयावर व्याख्यान दिलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: देशभक्त आपल्या राष्ट्राला कुठेतरी टीकेच्या पलीकडे ठेवतो, आणि त्यातच नैतिक धोका आहे. पण टीकेच्या पलीकडे असतं ते राष्ट्र, त्या दिवशीचं सरकार नव्हे. त्यांनी उदाहरण घेतलं अॅडम फॉन ट्रॉट या जर्मन मुत्सद्द्याचं. हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल १९४४ मध्ये त्याला फाशी झाली, आणि त्यानं ते केलं जर्मनीच्याच प्रेमापोटी. या कसोटीवर रॉजर्स आणि वॉकर लावून पाहा. रॉजर्सची निष्ठा एका वचनावर आहे, वॉकरची नेमणूकपत्रावर.

आता पडद्याकडे. मालकम स्पेलमन यांनी मालिका रचली आणि कारी स्कॉगलंड यांनी दिग्दर्शित केली, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काढून टाकली ती वॉकरची लबाडी. वायट रसेल यांनी साकारलेला वॉकर खोट्या सभा घेत नाही. तो तीन सर्वोच्च शौर्यपदकं मिळवलेला सैनिक आहे, घाबरलेला आहे, मेहनती आहे. दुसऱ्या भागात त्याच्या जुन्या शाळेच्या मैदानावर बँड वाजतो. कान देऊन ऐका: ही चाल २०११च्या पहिल्या चित्रपटातली आहे. तिथे रॉजर्सला रंगमंचावर उभं करून युद्धरोखे खपवायला लावतात आणि त्याला त्याची लाज वाटते. इथे तीच चाल वॉकरचं मानाचं स्वागत म्हणून वाजते. एका चालीत दोन माणसांमधलं अंतर कळतं.

यात काय साधलं? लबाड माणसाला आपण सहज झटकून टाकतो. प्रामाणिक माणूस चुकीच्या जागी बसवला की दोष बसवणाऱ्यांपर्यंत जातो. चौथ्या भागात रिगा शहराच्या चौकात वॉकर त्याच ढालीनं एका शरण आलेल्या तरुणाला ठेचून मारतो. भोवती लोक मोबाइल धरून उभे असतात आणि ढालीवर रक्त असतं. कॉमिक्समधला वॉकरही सूडानं पेटतो; तिथे त्याच्या आईवडिलांची हत्या होते. पण हजारो डोळ्यांसमोर घडणारी हत्या ही मालिकेची भर आहे.

मोठी भर मात्र दुसरीच. २००३ मध्ये रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी 'ट्रुथ' या चित्रकथेत आयझाया ब्रॅडली हे पात्र आणलं: सैनिक बलवान करण्याचे प्रयोग ज्याच्यावर झाले असा कृष्णवर्णीय शिपाई. टस्कीगी इथे कृष्णवर्णीय रुग्णांवर झालेल्या खऱ्या प्रयोगांची सावली त्या कथेवर आहे. मालिकेनं हा ब्रॅडली वॉकरच्या शेजारी ठेवला. ज्यानं पराक्रम केला त्याला तुरुंग मिळाला, आणि जो निवडला गेला त्याला बँडबाजा.

पण मंडळी, दोन ठिकाणी मालिका कच्ची राहते असं आमचं मत आहे. वॉकरचा कृष्णवर्णीय साथीदार लेमार हॉस्किन्स कॉमिक्समध्ये आधी 'बकी' म्हणवला जात असे. गुलामगिरीच्या काळापासून 'बक' हा कृष्णवर्णीय पुरुषांसाठीचा हिणकस शब्द आहे, हे लेखक ड्वेन मॅकडफी यांनी ग्रुएनवाल्ड यांना दाखवून दिलं. तेव्हा १९८८ मध्ये कथेतच त्याचं कारण सांगून 'बॅटलस्टार' हे नाव आणि स्वतंत्र मान त्याला दिला गेला. मालिकेत हा माणूस मरतो, तो मुख्यतः वॉकरला संताप यावा म्हणून. चित्रकथेनं जे कमावलं ते पडद्यावर खर्ची पडलं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. हत्येनंतर वॉकरचं पद आणि सवलती जातात. खटला होत नाही. तो स्वतःच्या हातानं ढाल घडवतो, आणि शेवटच्या भागात ती टाकून लोकांनी भरलेली गाडी वाचवायला धावतो. क्षण चांगला आहे. पण थोड्याच वेळात तो इतरांशी हसतखेळत बोलतो, काळा वेश मिळवतो आणि 'यू. एस. एजंट' होतो. त्या चौकात मेलेल्या तरुणाचं नाव कोणी काढत नाही. १९८९च्या ३५०व्या अंकात निदान एवढं तरी घडतं की आयोगानं देऊ केलेली ढाल रॉजर्स नाकारतो, तेव्हा ती घ्यायला त्याला वॉकरच राजी करतो. आपण लायक नाही हे उमगणं, हीही एक शिक्षाच असते.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं: देशभक्त खलनायक देशावर कमी प्रेम करतो म्हणून खल नसतो. चिन्ह अंगावर आलं की गुणही आले, असं तो धरून चालतो. ढाल मुळात दुसऱ्याचा घाव अडवण्यासाठी असते. वॉकरनं तिचं हत्यार केलं. ते करताना त्याला वाटत होतं की आपण कर्तव्य बजावतो आहोत, आणि त्याला नेमणाऱ्यांनाही, चित्रफीत बाहेर येईपर्यंत, तसंच वाटत होतं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.