टॅग विसरा, झाड बघा: एक्सएसएलटीची गोष्ट

आजचा विषय जुना वाटेल, पण तुम्ही डॉमला कधी हात लावला असेल तर तो तुमचाच आहे: एक्सएसएलटी.

फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल १.० आलं. डेटा लिहायची पद्धत ठरली. पण त्याचं वेबपेज कसं करायचं? जेम्स क्लार्कने याआधी डीएसएसएसएल या १९९६ च्या आयएसओ मानकावर काम केलं होतं. दस्तऐवज म्हणजे मजकूर नाही, झाड आहे, हा विचार तिथूनच आला. १६ नोव्हेंबर १९९९ ला एक्सएसएलटी १.० आणि एक्सपाथ १.० एकाच दिवशी डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली.

गंमत इथे आहे. एक्सएसएलटीला टॅग दिसतच नाहीत! पार्सर आधी झाड बनवतो. स्टाइलशीट ते झाड वाचून दुसरं झाड उभं करते. त्याचे पुन्हा टॅग होतात ते अगदी शेवटी. म्हणून एका टेम्प्लेटमध्ये टॅग उघडायचा आणि दुसऱ्यात बंद करायचा, हा जुगाड चालत नाही. अर्धी फांदी असते का कधी?

या झाडात सात प्रकारचे नोड. रूट नोड म्हणजे पहिला एलिमेंट नव्हे, तो त्याच्याही वर बसतो. आणि नातं बघा: एलिमेंट हा अ‍ॅट्रिब्यूटचा पालक, पण अ‍ॅट्रिब्यूट त्याचं मूल नाही! आपल्या कुठल्याच वंशावळीत हे बसणार नाही. पण त्यामुळेच मुलं मोजताना अ‍ॅट्रिब्यूट मध्ये येत नाहीत.

१.० मध्ये एक मोठी अडचण होती. स्वतः बनवलेलं झाड व्हेरिएबलमध्ये ठेवता यायचं, त्याची कॉपी करता यायची, पण एक्सपाथने त्यात उतरायची परवानगी नव्हती. मग प्रत्येक प्रोसेसरने आपापलं नोड-सेट फंक्शन दिलं, आणि लोकांचा कोड त्या त्या प्रोसेसरला बांधला गेला. मायकल के संपादक असलेल्या २.० ने जानेवारी २००७ मध्ये ही भिंत पाडली. म्हणजे सात वर्षं गेली! २०१७ च्या ३.० ने स्ट्रीमिंग आणलं. अवाढव्य फाइलसाठी अख्खं झाड मेमरीत ठेवायची गरज उरली नाही.

ब्राउझर मात्र १.० वरच थांबले. तरी मला वाटतं, विचार जिंकला. रिअ‍ॅक्टमध्ये आपण तेच तर करतो: हवं ते झाड सांगतो, पानावर कसं उतरवायचं ते लायब्ररी बघते.

पुढच्या भागात भेटूच. तोवर एखादी एक्सएमएल फाइल घ्या आणि तिचं झाड कागदावर काढून बघा!