झटपट जेवणामागचा संथ इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी रात्रीच्या जेवणावरून एक लहानसा वाद झाला. जुलै महिना, बाहेर मुसळधार पाऊस, आणि कचेरीतून उशिरा परतलेल्या आमच्या भाचीने पंचवीस मिनिटांत चौघांचे जेवण पानांवर वाढले. पदार्थ होता कोळंबी घातलेला इटालियन पास्ता. आमची मावशी ऐंशीच्या घरातली. तिने पानाकडे निरखून पाहिले आणि विचारले, "पावसांत सुंगटां खंयचीं गो?" प्रश्न रास्त होता. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. समुद्राची ताजी कोळंबी बाजारात यावयाचे ते दिवस नव्हत. भाचीने गोठविलेल्या कोळंबीचे रिकामे पाकीट पुढे केले. त्यावर मावशी म्हणाली, "इतलें बेगीन जाता तें कसलें रांदप?"

भाची हसली. आम्ही मात्र त्या प्रश्नात गुंतलो. झटपट होते ते रांधणे खरे की नव्हे, याचा निवाडा इतिहासाकडे मागावा असे आम्हांस वाटले.

प्रथम कृती पाहू. चौघांसाठी सुमारे ४०० ग्रॅम स्पगेटी, म्हणजे लांब शेवयांसारखा पास्ता, खळखळत्या मिठाच्या पाण्यात नऊ-दहा मिनिटे शिजवावयाचा. तोवर दुसऱ्या भांड्यात ऑलिव्हच्या तेलात लसणाच्या पाकळ्या व सुक्या मिरचीचे तुकडे मंद आचेवर परतावयाचे आणि सोललेली कोळंबी त्यात दोन-तीन मिनिटे ठेवावयाची. त्याहून अधिक ठेवल्यास ती चिवट होते. शेवटी पास्ता, त्याच्या शिजल्या पाण्याचे दोन-तीन डाव आणि लिंबाचा रस घालून सर्व एकजीव करावयाचे. त्या पाण्यात उतरलेल्या पिठुळपणामुळे तेल वेगळे न राहता रस दाट होतो. इतकेच. परंतु चुलीजवळ जो वेळ लागत नाही, तो अन्यत्र कोणी तरी आधीच खर्च केलेला असतो.

मार्को पोलोने चीनहून पास्ता इटलीत आणला, अशी कथा पुष्कळांच्या वाचनात असेल. ती निराधार आहे. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. जिनोआ येथील १२७९ च्या एका दस्तऐवजात मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या पिंपाची नोंद आहे. त्याहीपूर्वी, ११५४ साली, अल् इद्रीसी या अरब भूगोलज्ञाने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन केले आहे. तेथे 'इत्रिया' नावाच्या शेवया विपुल प्रमाणात तयार होत आणि जहाजांतून मुसलमानी व ख्रिस्ती, दोन्ही मुलुखांत जात, असे तो सांगतो. जहाजात भरून दूर धाडता यावे असे हे अन्न होते, आणि ते तसे झाले ते वाळविल्यामुळे.

वाळविणे म्हणजे वेळ साठविणे, ही गोष्ट पंधराव्या शतकातील कोमोचा आचारी मार्तिनो जाणून होता. सिसिलीची मॅकरोनी उन्हात वाळवावी, विशेषतः ऑगस्टच्या चांद्रमासात केल्यास ती दोन-तीन वर्षे टिकते, असे त्याने लिहून ठेवले आहे. मौज अशी की, ती दोन तास उकळावी असेही तोच सांगतो. म्हणजे आज दहा मिनिटांत होणारा पास्ता त्या काळी मुळीच झटपट नव्हता. दाताखाली किंचित कठीण लागावा इतकाच तो शिजवावा, ही अभिरुची फार पुढची.

सतराव्या-अठराव्या शतकांत नेपल्सच्या गोरगरिबांचे मुख्य अन्न पास्ता झाले. पूर्वी नेपल्सवासीयांस इतर लोक 'पालेखाऊ' म्हणून हिणवीत. आता 'मॅकरोनीखाऊ' म्हणू लागले. शहराजवळ ग्रान्यानो व तोर्रे आन्नुन्झियाता ही गावे या धंद्यावर भरभराटली. रव्याची घट्ट कणीक पुष्कळदा पायांनी तुडवून मळली जाई, दाबयंत्रातून तिच्या तारा काढल्या जात आणि मग खरे काम सुरू होई, ते वाळवणाचे. प्रथम उन्हावाऱ्यात वरची कड धरू द्यावयाची. नंतर थंड तळघरात ठेवून आतला ओलावा वर येऊ द्यावयाचा. त्यानंतर पुन्हा सावकाश सुकवावयाचे. घाई केली तर तार तडकते. फार रेंगाळले तर आंबते. ऋतुमानाप्रमाणे या क्रियेस आठवडा, कधी त्याहूनही अधिक काळ लागे. समुद्राकडून येणारा वारा आणि डोंगराकडून येणारा वारा यांचा अंदाज घेऊन कारागीर पास्ता आत-बाहेर करीत. ग्रान्यानोच्या रस्त्यांवर काठ्यांवरून लोंबणाऱ्या पास्त्याची जुनी छायाचित्रे पाहिली म्हणजे आपल्याकडील उन्हाळ्यातल्या शेवयांच्या वाळवणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गव्हाचेही नाते दूरचे नाही. पास्त्यास लागतो तो कठीण दाण्याचा ड्यूरम गहू. माळव्याचा मालवी गहू याच जातीचा, हे आमच्या इंदूरकर वाचकांस सांगावयास नको.

१८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लक्ष इटालियन माणसे अमेरिकेत गेली. त्यांच्यामागोमाग नेपल्सचा पास्ताही जहाजांतून जाई. पहिल्या महायुद्धात ही आवक तुटली आणि अमेरिकेतील कारखाने वाढीस लागले. त्यांना लागणारा गहू तेथे उगवत होता, कारण मार्क कार्लटन या कृषिशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास रशियातून ड्यूरमचे बियाणे आणून त्याचा प्रसार केला होता. पुढे १९३३ साली पार्मा येथील ब्राइबान्ती बंधूंनी मळण्यापासून तार काढण्यापर्यंतचे काम अखंड करणारे यंत्र सिद्ध केले, आणि पायांनी तुडविण्याचा काळ संपला.

कोळंबीची कथा याहून बिकट. मासळीत कोळंबीइतकी नाशवंत वस्तू थोडीच. अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीच्या किनाऱ्यावर फिलिपिनो व चिनी मच्छीमारांनी एकोणिसाव्या शतकात खांबांवर मोठमोठे लाकडी मचाण उभारले होते. कोळंबी उकडून त्यांवर उन्हात वाळवीत आणि मग स्त्रीपुरुष तिच्यावरून गोल फेर धरून चालत, म्हणजे टरफले सुटत. या कामास 'कोळंबी नाचविणे' असे नाव होते. नेपल्सची कणीक आणि लुइझियानाची कोळंबी, दोन्ही माणसाच्या पायांखालून गेल्या, हा योगायोग आम्हांस विसरवत नाही. सोलण्याचे यंत्रही लुइझियानातच निघाले. शाळकरी वयाच्या जेम्स मार्शल लपेयर याचा रबरी बूट एका कोळंबीवर पडला, मांस अलगद टरफलाबाहेर निसटले, आणि त्यावरून त्याला रुळांच्या यंत्राची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. ही गोष्ट १९४० नंतरच्या दशकातली.

इटालियन माणसांनी आपल्या समुद्रातील 'स्कांपी' नावाचा शेवंडासारखा लहान जीव लसूण व तेलात परतण्याची रीत अमेरिकेत नेली. तेथे स्कांपी दुर्मीळ आणि कोळंबी मुबलक. म्हणून तीच रीत कोळंबीस लावली गेली. जिवाचे नाव पदार्थास चिकटले आणि 'श्रिंप स्कांपी' असे दुहेरी नाव रूढ झाले. भाचीच्या पातेल्यातला पदार्थ याच घराण्यातला.

येथून आपला किनारा या कथेत येतो. जलद गोठविण्याचे तंत्र १९२० नंतर अमेरिकेत क्लॅरेन्स बर्ड्सआय याने विकसित केले, आणि १९५३ साली कोचीनहून गोठविलेल्या कोळंबीची पहिली खेप अमेरिकेस गेली. त्याच सुमारास नॉर्वेच्या साहाय्याने केरळात नींडकरा येथे यांत्रिक नौकांचा प्रकल्प सुरू झाला. गोव्यातही १९६१ च्या मुक्तीनंतर सरकारी उत्तेजनाने ट्रॉलर वाढले. कोळंबी उथळ पाण्यात राहते. म्हणून ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले आणि ज्या पाण्यावर रापणकारांचे पोट चाले, तेच त्यांनी ओरबाडले. रापण म्हणजे भला मोठा जाळ्याचा वेढा. होडीने तो समुद्रात टाकावयाचा आणि कित्येक माणसांनी दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढावयाचा. धंदा साऱ्या वाड्याचा, वाटणीही साऱ्या वाड्याची. १९७० नंतरच्या दशकात गोव्याचे रापणकार संघटित झाले; माथानी साल्दान्हा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्यांच्या लढ्यानंतर १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा ट्रॉलरांस वर्ज्य ठरला. मोडलेली रापण मात्र कायद्याने पुरती सांधली गेली नाही.

२००९ पासून प्रशांत महासागराकडील 'वन्नामेई' जातीच्या कोळंबीची शेती भारतात सुरू झाली. पुढील काही वर्षांतच अमेरिकेस कोळंबी पुरविणाऱ्या देशांत भारत पहिल्या क्रमांकावर गेला. ही कोळंबी बव्हंशी स्त्रियांच्या हातांनी निवडली व सोलली जाते. बर्फाळ पाण्यात तासन् तास बुडालेली ती बोटे पाकिटावर छापलेली नसतात.

येथवर आल्यावर आम्हांस मावशीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच कोठीत सापडले. गोव्यातल्या घरांत मे महिन्यात 'पुरुमेंत' भरतात. पोर्तुगीज शब्दावरून आलेले हे नाव; अर्थ पावसाळ्याची बेगमी. सुकी सुंगटां, खारवलेले मासे, आमसुले, मिरच्या. मग आषाढातल्या एखाद्या रात्री मावशी सुकी सुंगटां भाजते, ओले खोबरे व कांदा कुस्करते आणि दहा मिनिटांत किसमूर पानात पडते. ते भाचीच्या पास्त्याहूनही लवकर होते! हे आम्ही तिला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली की, तिची सुंगटां कोणी वाळविली हे तिला ठाऊक असते. दरवर्षी तीच बाई दारावर येते.

या उत्तरावर आम्हांस काही बोलता आले नाही. झटपट रांधणे दोघींचेही खरे. भाचीच्या पाकिटामागे नऊ शतके आणि तीन खंड उभे आहेत, मावशीच्या डब्यामागे एक उन्हाळा आणि एक ओळखीचा चेहरा. शिळोप्याच्या गप्पांत वाद मिटला आणि पास्ता सर्वांनी आवडीने खाल्ला, मावशीनेही. मात्र पुढच्या मे महिन्यात ती सुंगटांवाली बाई दारावर येईल तेव्हा तिच्याशी बोलावयास भाचीने बाहेर यावे, असे आमच्या घरी ठरले आहे.