कॅप्टन टॉम आणि विसरलेली फौज

कॅप्टन टॉम मूर हे नाव एप्रिल २०२० मध्ये जवळपास प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलं होतं. आठवत नसेल तर खूण सांगतो. निळसर ब्लेझर, छातीवर पदकांची ओळ, हातात चाकांचा वॉकर आणि बागेतल्या फरसबंद वाटेवरून सावकाश चालणारे नव्व्याण्णव वर्षांचे आजोबा. एक फेरी पंचवीस मीटरची. ३० एप्रिलला वयाची शंभरी पूर्ण व्हायच्या आत शंभर फेऱ्या मारायच्या आणि त्यातून ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी हजार पौंड जमवायचे, एवढाच बेत होता. वाढदिवस संपला तेव्हा खात्यावर ३ कोटी २७ लाखांहून जास्त पौंड जमले होते. आपल्या हिशेबात साधारण तीनशे कोटी रुपये. देणारे पंधरा लाखांहून अधिक लोक होते.

हे सगळं बातम्यांत येऊन गेलंय. मला कुतूहल होतं ते पदकांच्या त्या ओळीचं. त्यात एक 'बर्मा स्टार' होता. म्हणजे हे आजोबा एके काळी आपल्या बाजूला येऊन गेलेले.

मूर यांचा जन्म १९२० चा, यॉर्कशरमधल्या कीथली या गिरण्यांच्या गावातला. आजोबा बांधकाम व्यावसायिक. वडिलांना ऐकू येत नसे. त्यामुळे घरातल्या गप्पांतही ते एकटे पडत आणि याची खंत मुलाला आयुष्यभर राहिली. मुलाला वेड मोटारसायकलींचं. पहिली मोटारसायकल त्यानं बाराव्या वर्षी मिळवली. शाळेनंतर स्थापत्य अभियांत्रिकीची उमेदवारी सुरू झाली, तेवढ्यात युद्ध आलं. १९४० मध्ये सक्तीच्या भरतीत तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटमध्ये दाखल झाला, पुढच्या वर्षी अधिकारी झाला. मग ही पायदळाची पलटण रणगाड्यांकडे वळवण्यात आली आणि टॉमची रवानगी हिंदुस्थानात झाली.

आधी मुंबई, मग कोलकाता. हा प्रवास पलटणीनं रस्त्यानं केला आणि ऐन पावसाळ्यात त्याला तीन आठवडे लागले. आपल्याकडच्या पावसात आजही घाट बंद पडतात, तेव्हा १९४० च्या दशकातल्या रस्त्यांची कल्पना करा. टॉमकडे काम आलं ते त्याच्या आवडीचं: लष्करातल्या मोटारसायकलस्वारांना शिकवण्याचं. म्हाताऱ्या टॉमच्या मुलाखती पाहिल्या तर हिंदुस्थानची आठवण निघाली की त्यांचा चेहरा खुलतो.

इथे मी जरा थबकतो. तो काळ आपल्याकडे कसला होता? ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव गाजला, नेते तुरुंगात गेले. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला, त्यात वीस ते तीस लाख माणसं गेली. ज्या साम्राज्याच्या गणवेशात हा हसरा तरुण फिरत होता, त्याच साम्राज्याच्या युद्धकालीन धोरणांचा त्या दुष्काळात मोठा वाटा होता. विशीतल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याला याचा जाब विचारणं बालिशपणा होईल. पण त्याची गोष्ट सांगताना हे गाळून टाकणंही मला पटत नाही.

तिथून आराकान. म्हणजे आजच्या म्यानमारचा राखाइन प्रांत, बंगालच्या उपसागराला समांतर गेलेली डोंगर, खाड्या आणि खाजणांची पट्टी. रणगाड्यांसाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये डॉनबाइकला जपानी मोर्चेबांधणीवर हल्ला करण्यासाठी टॉमच्या रेजिमेंटचे अवघे आठ व्हॅलेंटाइन रणगाडे पाठवले गेले. इतके थोडे रणगाडे पाठवू नका, असं जनरल विल्यम स्लिम यांचं म्हणणं होतं. ते कुणी ऐकलं नाही. काही रणगाडे खंदकांत अडकले, काही तोफांच्या तोंडी सापडले आणि हल्ला फसला. जंगलात गोळीइतकीच भीती तापाची होती. मलेरियानं पलटणीच्या पलटणी झोपत. टॉमला डेंग्यू झाला, त्यातून तो वाचला.

१९४३ च्या शेवटी स्लिम यांच्या हाताखाली चौदावी फौज उभी राहिली. युरोपातल्या लढायांपुढे ब्रिटिश वर्तमानपत्रांत तिला जागा मिळत नसे, म्हणून तिला 'विसरलेली फौज' हे नाव पडलं. २०२० मध्ये कॅप्टन टॉममुळे हे नाव ब्रिटनमध्ये पुन्हा ऐकू आलं, याचा मला आनंद आहे. मात्र ही फौज दोनदा विसरली गेली. तिच्यातले बहुसंख्य सैनिक भारतीय होते. जोडीला गुरखे होते, आफ्रिकेतून आलेल्या तुकड्या होत्या. ब्रिटननं या फौजेला विसरताना ती निदान आपली म्हणून विसरली. स्वतंत्र भारतानं ती कधी आपली मानलीच नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रह्मदेशच्या लढाईतली एकच बाजू येते, आझाद हिंद सेनेची. ती यायलाच हवी. पण समोरच्या बाजूलाही आपल्याच गावांतली पोरं होती.

मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला छत्रीधारी ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून चौथी मराठा पलटण लढली. जपानी सैन्य त्या टेकडीवर अडकून पडलं आणि तेवढ्या दिवसांत कोहिमा-इम्फाळला तयारीसाठी वेळ मिळाला. जानेवारी १९४५ मध्ये आराकानमध्येच कांगॉची लढाई झाली. तिथे पंजाब रेजिमेंटच्या एका पलटणीचं नेतृत्व करत होते कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. शेजारच्या दोन पलटणींवर थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं, पुढे तिघेही स्वतंत्र भारताच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यांवर गेले. थोरात लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले. आज किती जणांना कांगॉ माहीत आहे? साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावात, जिथे घरटी सैनिक आहे, तिथे चित्र वेगळं असेल. बाकी महाराष्ट्रात फारसं नाही.

१९४५ च्या सुरुवातीला टॉम रणगाड्यांच्या प्रशिक्षणासाठी मायदेशी परतला आणि १९४६ मध्ये सैन्यातून मोकळा झाला. पुढची साठेक वर्षं अगदी सामान्य माणसाची. छपरांच्या सामानाची विक्री, मग एका काँक्रीट कंपनीचं संचालकपद. फावल्या वेळात मोटारसायकलच्या शर्यती. पलटणीतल्या सोबत्यांचा वार्षिक मेळावा मात्र त्यांनी दशकानुदशकं न चुकता भरवला. पहिलं लग्न फसलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९६८ मध्ये, पामेलाशी दुसरं लग्न झालं, दोन मुली झाल्या. ज्या वयात आपल्याकडे लोक जावई शोधायला लागतात, त्या वयात हे गृहस्थ लंगोट बदलत होते. १९८३ मध्ये बीबीसीच्या एका गमतीदार टीव्ही स्पर्धेतही ते झळकले.

पामेलाला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला. ती शुश्रूषागृहात असताना मूर तिला भेटायला जात. तिथल्या कित्येकांना भेटायला कुणीच येत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. २००६ मध्ये ती गेली आणि पुढच्या वर्षी ते धाकट्या मुलीच्या, हॅनाच्या, कुटुंबात राहायला आले. तीन पिढ्या एका छपराखाली. आपल्याला यात विशेष वाटणार नाही, इंग्लंडात वाटतं. २०१८ मध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ज्या नर्स-डॉक्टरांनी उभं केलं, त्यांच्यासाठी त्या शंभर फेऱ्या होत्या.

शेवटच्या फेरीला, १६ एप्रिलला, यॉर्कशर रेजिमेंटचे जवान मानवंदनेला उभे होते. वाढदिवसाला दीड लाखांहून जास्त शुभेच्छापत्रं आली, ती मांडायला एका शाळेचा हॉल लागला. गायक मायकेल बॉलबरोबरचं त्यांचं गाणं ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. त्या आठवड्यात स्पर्धेत असलेल्या द वीकेंडनं आपल्या चाहत्यांना 'टॉमचं गाणं ऐका' असं सांगितलं होतं. जुलैमध्ये राणीनं विंडसरच्या किल्ल्यात त्यांना 'सर' केलं.

त्यांचं पाहून सेंट अल्बन्सचे दबीरुल इस्लाम चौधरीही चालू लागले. तेही शंभर वर्षांचे, ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेले. रमजानचे रोजे धरून त्यांनी बागेत फेऱ्या घातल्या आणि चार लाखांहून अधिक पौंड जमवले. त्यांचे व्हिडिओ आपल्याकडे कमी फिरले. का, ते तुम्हीच ताडा.

मूर २ फेब्रुवारी २०२१ रोजी गेले. आधी न्यूमोनिया, त्यात कोविड. पुढचा भाग सुखाचा नाही. त्यांच्या नावानं निघालेल्या फाउंडेशनची सरकारी आयोगानं चौकशी केली. नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात मुलगी आणि जावई यांच्यावर वारंवार गैरवर्तनाचा ठपका आला. पुस्तकांच्या करारातून आलेले सुमारे पंधरा लाख पौंड फाउंडेशनकडे गेलेच नाहीत, हा त्यातला एक मुद्दा. कुटुंबानं आपल्याला अन्यायानं वागवल्याचं म्हटलं. फेऱ्यांमधून जमलेला निधी मात्र या प्रकरणाबाहेरचा होता, तो थेट आरोग्यसेवेच्या संस्थांना पोचला होता. 'कॅप्टन टॉम' म्हटलं की आता अनेक ब्रिटिश माणसं खांदे उडवतात. मला ते आजोबांवर अन्याय करणारं वाटतं. शंभराव्या वर्षी लेकीवर विश्वास टाकणाऱ्या बापाकडून आणखी कसली दक्षता अपेक्षित होती?

त्यांच्या थडग्यावर काय लिहायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवून ठेवलं होतं: 'मी म्हातारा झालोय, सांगत होतो ना!' कल्पना त्यांची नव्हे, विनोदवीर स्पाइक मिलिगनची. मिलिगनच्या दगडावर आयरिश भाषेत कोरलंय, 'मी आजारी आहे, सांगत होतो ना!' हा मिलिगनही दुसऱ्या महायुद्धातला सैनिक. त्याचे वडील ब्रिटिश फौजेत, आणि त्याचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा, आपल्या अहमदनगरचा.