दोन मोर आणि एक मृग

अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी पहिल्याच लेखात एका स्वयंपाकघराचा हिशेब मांडलेला आहे. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी दररोज लक्षावधी प्राणी कालवणासाठी मारले जात. हा लेख लिहविला जात असताना तीनच मारले जात आहेत, दोन मोर व एक मृग, आणि त्यातला मृगही नेहमी नव्हे. यापुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असा त्याचा आशय. काठेवाडातील गिरनारपासून कलिंगातील धौली व जौगडपर्यंत आणि वायव्येकडील शाहबाजगढीपर्यंत हाच हिशेब खडकांवर कोरलेला आढळतो.

वर्गात हा लेख वाचून दाखविताना, मृगही नेहमी नव्हे, या शब्दांपाशी विद्यार्थी हमखास हसत. मीही तरुणपणी हसलो होतो. पुढे प्रशस्तिवाङ्मयाचे वाचन वाढले, तेव्हा या हसण्याची लाज वाटू लागली. आपल्याकडील राजांनी कोरविलेल्या लेखांत जिंकलेले प्रदेश, दिलेली दाने, केलेले यज्ञ यांची गणना असते. ज्याचे व्रत अजून अपुरे आहे आणि ते अपुरे असल्याचे जो स्वतःच प्रजेला सांगतो, असा राजा त्यांत सहसा भेटत नाही. ‘लक्षावधी’ हा आकडा उघडच आलंकारिक आहे. ‘तीन’ हा मात्र अलंकार नाही. ‘मौर्य’ या कुलनामाचा संबंध परंपरा मोराशी जोडते, आणि त्याच कुळाच्या पाकशाळेत शेवटपर्यंत टिकून राहिला तो मोर! जिभेचे वळण धर्मोपदेशापेक्षा उशिरा सुटते, हे या लेखकर्त्याला ठाऊक होते.

ज्या काळी पशुबळी हे धर्मकृत्य होते आणि मृगया हे राजाचे भूषण मानले जाई, त्या काळातला हा मजकूर आहे. आठव्या शिलालेखात पूर्वीच्या राजांच्या विहारयात्रांचा उल्लेख येतो. त्यांत शिकार असे. अशोकाने अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीची यात्रा केली आणि तेथून विहारयात्रेच्या जागी धर्मयात्रा सुरू झाली. महाराष्ट्रातील वाचकाला एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, येथे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या लेखाचा जो तुकडा सापडला, तो याच आठव्या लेखाचा होता. नवव्या लेखाचा तुकडा मिळण्यास 1956 साल उजाडावे लागले. जीवमात्राविषयी संयम बाळगणे हे मंगलकृत्य होय, असे सांगणारा तो लेख. चौदांपैकी नेमके हे दोन आपल्या किनाऱ्यावर उरावेत हा केवळ योगायोग आहे. त्यातून अर्थ काढू नये.

खरा गुंतागुंतीचा मजकूर आहे तो पाचव्या स्तंभलेखात. तो अभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी काढलेला आहे. पहिल्या शिलालेखातील राजा स्वतःच्या ताटाविषयी बोलत होता. येथे तो राज्याला आज्ञा देतो. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, गेंडा, कबुतरे अशी अवध्य प्राण्यांची लांब यादी येते. यादीतील कित्येक नावे आज नेमकी कोणत्या प्राण्याची, याविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. एका नावाचा अर्थ कोणी मुंगी करतात, तर एका माशाला नुसते ‘बिनहाडाचा’ म्हटले आहे. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी व डुकरीण, तसेच सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत. कोंबड्याचे खच्चीकरण करू नये. ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये. विनाकारण किंवा हिंसेसाठी अरण्याला आग लावू नये. जिवाने जीव पोसू नये. ठराविक तिथींना मासे मारू वा विकू नयेत; त्या दिवशी हत्तींच्या वनात आणि केवटांच्या राखीव जागी इतर प्राणीही मारू नयेत. काही तिथींना बैल, बोकड, मेंढे यांचे खच्चीकरण व घोड्या-बैलांना डाग देणे वर्ज्य आहे.

ही यादी करुणेच्या एकाच सूत्रात ओवता येत नाही, आणि ओवण्याचा आग्रह धरणाऱ्या अभ्यासकांनी तिच्यावर अन्यायच केला आहे. जे चतुष्पाद उपयोगी पडत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत ते सर्व अवध्य, असे एक कलम तिच्यात आहे. म्हणजे ज्याला मारून माणसाचा काही लाभ नाही त्याला सोडावे! येथे व्यवहार बोलतो. मोकळा सोडलेला वळू यादीत आहे, गायीचा स्वतंत्र उल्लेख नाही. पुढच्या शतकांतील भावना त्या दगडावर शोधणाऱ्यांना, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, हा लेख आधार देत नाही. परंतु पिलाला दूध पाजणाऱ्या डुकरिणीची आठवण व्यवहाराने होत नाही. भुशातल्या किड्यांची तर नाहीच.

मग प्रश्न उरतो तो माणसांचा. चौथा स्तंभलेखही त्याच सव्वीसाव्या वर्षीचा. देहान्ताची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत देण्यात यावी, त्यांच्या आप्तांना दाद मागता यावी, नाहीतर त्यांनी परलोकासाठी दान वा उपवास करावा, असे त्यात म्हटले आहे. एकाच स्तंभावर पोपटाला अभय आहे आणि वध्य माणसाला तीन दिवस. तेराव्या शिलालेखात अटवीतील लोकांना क्षमेसोबत धाकही घातलेला आहे. कंदाहार येथे 1958 मध्ये सापडलेल्या ग्रीक व अरमाईक लेखात राजाचे शिकारी आणि मासेमार आपल्या कामापासून निवृत्त झाल्याचे समाधान व्यक्त झाले आहे. ते पुढे काय करून जगले, हे कोणत्याही खडकावर लिहिलेले नाही. अहिंसेच्या इतिहासात ही जागा रिकामीच राहत आली आहे. प्राण्याला अभय दिल्याचा आनंद राजाच्या नावे जमा होतो, आणि जाळे किंवा फासे ठेवून देणाऱ्या घरची चूल हिशेबात येत नाही. मला अशोकाविषयी नितांत आदर आहे. तरीही हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मात्र अशोकाने स्वतःच आपल्या आज्ञांचे जे मूल्यमापन केले, ते माझ्यासारख्या टीकाकाराच्या पुढचे आहे. सातवा स्तंभलेख सत्ताविसाव्या वर्षीचा. तो एकाच स्तंभावर मिळतो. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात टोपऱ्याहून दिल्लीस आणविलेला तो हा स्तंभ. धर्माची वाढ दोन मार्गांनी झाली, एक नियम आणि दुसरा ‘निझति’, म्हणजे मनन वा अंतःकरणास पटवून घेणे, असे राजा तेथे सांगतो. नियमाचे उदाहरण म्हणून तो दुसरे काही न देता अमुक प्राणी अवध्य ठरविल्याचेच देतो. आणि नियम ही हलकी गोष्ट, खरी वाढ झाली ती मननाने, असा निर्वाळा देतो. अवघ्या एका वर्षापूर्वी काढलेल्या आपल्याच सविस्तर यादीविषयी हा अभिप्राय आहे. स्वयंपाकघरातील तीन प्राण्यांचा हिशेब आणि हा अभिप्राय यांच्यामध्ये सुमारे पंधरा वर्षे गेली. त्या दोहोंतला सूर एकच आहे. मधल्या पाचव्या स्तंभलेखाचा सूर तेवढा निराळा, अधिकाऱ्याचा आहे.

त्या अधिकाऱ्यांचा एक ठसा विदर्भात राहिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे मिळालेली शिळा आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. तिच्यावरील जुन्या ब्राह्मी लेखात चिकंबरी या गावी पकडण्या-मारण्यास मनाई करणारी, दंडाचा धाक घालणारी एक आज्ञा आहे, वर्ष चौदावे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अशोकाच्या धर्ममहामात्राची असावी असा तर्क केला. धर्ममहामात्र तेराव्या वर्षी नेमले गेले हे पाचव्या शिलालेखावरून कळते, तेव्हा तर्काला आधार आहे. पाचसहा शतकांनी वाकाटक रुद्रसेनाच्या लोकांना त्याच चिकंबरीतील धर्मस्थानाचा लेख कोरण्यासाठी दगड हवा होता. त्यांनी हाच दगड घेतला. जुन्या लेखाची काही अक्षरे त्यात गेली. उरलेली आज तिरप्या उजेडात कशीबशी वाचता येतात.